मधल्या धारेतलं इंजिन

इंजिनाच्या हवेच्या नळीत मी एक फडकं कोंबलं आणि ते काढायला विसरलो. झालं ते एवढंच. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण माझी बायको म्हणते की ही हकीकत सांगताना मी फडक्यापर्यंत यायला फार वेळ लावतो, आणि तोवर ऐकणाऱ्याला उगाच वाटत राहतं की मी या गोष्टीतला शहाणा माणूस आहे. शहाणा कुणीच नव्हता. पण बाकीच्यांच्या वेडेपणाला दुःखाचं कारण होतं, माझ्या वेडेपणाला फक्त घाई होती.

आमचं गाव भीमेच्या अलीकडच्या काठावर, दौंड तालुक्यात. पलीकडं शिरूर. पूल होता, पण इतका लांब की त्यावरून जाणारा पलीकडच्या गावात पाहुणा म्हणूनच पोचायचा. रोजच्या कामाची माणसं बाबूचाचांच्या नावेनं जायची. नाव म्हणजे पत्र्याची रुंद होडी, चार खांबांवर छप्पर, आणि मधोमध लाकडी पाटावर बसवलेलं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन. तेव्हा विहिरीवर असायचं तसंच, फक्त त्याच्या दांड्याला पंपाऐवजी पाण्यातला पंखा जोडलेला. पलीकडं उतरून कारेगाव, रांजणगावच्या कंपन्यांत जाणारी आमच्यासारखी पोरं सायकलींसकट चढायची. दुधाच्या किटल्या, बोकडं, बाळंतपणाला माहेरी आलेल्या पोरी, सगळं त्याच नावेतून इकडचं तिकडं व्हायचं. पाणी छपराखाली उडून इंजिनात जाऊ नये म्हणून चाचांनी हवेची नळी वाढवून, कोपरासारखी वाकवून, पार छपराला नेऊन बांधली होती. टोकाला एअर क्लीनर, म्हणजे हवा गाळणारा डबा. असा लांब नाकाचा प्राणी नदीवर दुसरा नव्हता.

आमच्या घरात घड्याळ होतं. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या मध्ये टांगलेलं, पण ते दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, रेल्वेतल्या ड्यूटीपुरतं. आईचा स्वयंपाक नावेवर चालायचा. सकाळी टुकटुक सुरू झाली की ती चुलीवर तवा टाकायची. मधल्या धारेत, म्हणजे जिथं पात्र खोल आहे आणि पाण्याला ओढ आहे तिथं, नाव पोचली की आवाज जड व्हायचा, तेव्हा ती पहिली भाकरी उलटायची. पलीकडं जाऊन इंजिन मंद झालं की भाकरी टोपल्यात. सोबत लसणाचा ठेचा, नाहीतर परतलेली सुकट. मी जेवताना अजूनही भाकरीच्या वासाबरोबर तो आवाज शोधतो आणि मिक्सरचा ऐकू येतो.

चाचांचं घर आमच्या मागच्या बोळात. त्या घराला चिंचेच्या कोळातल्या माशाच्या कालवणाचा आणि डिझेलचा मिळून एक वास होता. मोहरमला चाची गुळाचे चोंगे करायची आणि आमच्या घरचं ताट भरून द्यायची. चाचा बोलायला कमी, पण पोरांशी खेळायला कधी थकले नाहीत. लहानपणी ते आम्हाला एकेकाला उचलून छपराजवळ न्यायचे, एअर क्लीनर काढायचे आणि नळीच्या उघड्या तोंडावर तळहात ठेवायला सांगायचे. इंजिन चालू असलं की आत हवा ओढली जायची आणि तळहात नळीला चिकटायचा. सुटायचा, पुन्हा चिकटायचा. "बघ, हात धरतंय," चाचा म्हणायचे. "जित्तं हाय ते." आम्ही किंचाळायचो आणि पुन्हा रांगेत उभे राहायचो. त्यांच्या गळ्यात कायम चौकड्याचा रुमाल असे. चाचा रुमाल विसरायचे आणि दुसऱ्याचे उचलून आणायचे, म्हणून चाचीनं त्यांच्या रुमालांना कडेनं निळ्या दोऱ्याचे टाके घातले होते. गावात कुठंही निळ्या टाक्यांचा रुमाल पडलेला दिसला की तो बोळात नेऊन द्यायचा, हे पोरांना पाढ्यांच्या आधी कळायचं.

ते गेले तेव्हा मी घरी झोपलो होतो. कंपनीतली रात्रपाळी करून आलो होतो. नवरात्र नुकतंच संपलेलं, दुपारचं ऊन अंगणात तापलेलं. झोपेत मला नावेचा आवाज येत होता, तो तर रोजच यायचा, पण त्या दुपारी तो चुकीच्या बाजूला जात होता. आडवा जायचा तो खाली, वाहत्या पाण्याबरोबर चालला होता. इंजिनाची लय कुठंही तुटलेली नव्हती. तेवढ्यात आई दारात उभी राहून स्वतःशीच म्हणाली, "नाव खाली कशापायी चाललीया?" आणि मी उठून बसलो. चाचा एकटेच पलीकडून परत येत होते. मधल्या धारेत सुकाणूवर बसल्या बसल्या त्यांचं हृदय थांबलं. इंजिनाला ते कोण सांगणार? ते त्यांना घेऊन खाली गेलं, बाभळींच्या गाळात शिरलं, आणि तिथं थंड पाणी ओढणाऱ्या नळीत चिखल बसेपर्यंत चालत राहिलं. मग तापून जाम झालं. आम्ही धावत पोचलो तेव्हा दोघंही गप्प होती.

कब्रस्तान पलीकडच्या काठाला, जुन्या दर्ग्यामागं. नाव बंद, म्हणून जनाजा टेम्पोतून, त्या लांबच्या पुलावरून न्यावा लागला. जन्मभर गावाला पलीकडं नेणारा माणूस शेवटी डांबरी रस्त्यानं गेला, ही गोष्ट सगळ्यांनाच लागली. काठावर कायम बसून असणारे तुकाआप्पा तेव्हाच म्हणाले, की बाबूचा अर्धा फेरा नदीत राहिला. त्या दिवशी ते नुसतं दुःखाचं बोलणं वाटलं.

आता माझ्याकडं येतो. मी आयटीआय झालेला, रांजणगावच्या एका कारखान्यात कामाला. गावाचा समज होता की मी तिथं इंजिनं बनवतो. तो समज मीच करून दिला होता. खरं म्हणजे पट्ट्यावरून पुढं सरकणाऱ्या एका खोक्याला मी दिवसभर तेच चार नट आवळायचो, आणि खोक्यात काय आहे हे मला कधी कुणी सांगितलं नाही. पण चाचांचा मुलगा अन्वर, माझ्याच वयाचा, इंजिन भंगारात घालायचं आणि होडी वाळूवाल्यांना द्यायची म्हणाला, तेव्हा मी छाती पुढं काढून म्हणालो की मी ते खोलतो आणि नवं करून देतो. चाचीची इद्दत चालू होती. त्या महिन्यांत नवरा गेलेल्या बाईनं उंबऱ्याबाहेर पडायचं नसतं. ती दाराच्या पडद्यामागून म्हणाली, "सुध्या करतो म्हंतोय तर करू दे. त्यास्नी आवडंल." ते ऐकून माझी छाती आणखी पुढं आली.

इंजिन आम्ही बैलगाडीत घालून चाचीच्या पडवीत आणलं. होडी काठावर ओढून ठेवली. हवेची नळी तेवढी छपराला बांधलेली तशीच राहिली, खालचं तोंड उघडं. त्या दिवसांत कुंभारमाश्यांचा सुळसुळाट असतो. दिसेल त्या भोकात मातीचं घर बांधतात. म्हणून मी, दूरदृष्टीचा माणूस, इंजिनाखालच्या गाळातून एक काळं चिंधाट उचललं, त्याला गाठ मारली आणि नळीच्या खालच्या तोंडात बोट जाईल तितकं वर कोंबलं. ही गोष्ट मी अन्वरला सांगितलीसुद्धा नाही. इतकी किरकोळ.

मग पडवीत आमचे सुखाचे दिवस गेले. सुख म्हणतो, पण दुखवट्याच्या घरात हात कामात असले की जे वाटतं तेवढंच. सुट्टीच्या दिवशी मी सकाळीच जायचो. नवा लायनर, नवा पिस्टन, नव्या रिंगा दौंडातून आणल्या, हेड घासून आणलं. प्रत्येक भाग रॉकेलनं धुऊन पोत्यावर मांडायचो आणि अन्वरला त्याचं इंग्रजी नाव सांगायचो. पडद्यामागून चहा यायचा, कधी भाकरी आणि वांग्याचं भरीत. आणि हटकून एक प्रश्न यायचा. चाचांचे सगळे कपडे मिळाले होते, वाटूनही झाले होते, फक्त त्या दिवशीचा गळ्यातला रुमाल कुठं मिळाला नव्हता. चाची स्वतः बाहेर पडू शकत नव्हती, म्हणून येईल त्याला विचारायची. मी आणि अन्वरनं बाभळी धुंडाळल्या, गाळ चाळला, होडीचा कोपरान् कोपरा बघितला. शेवटी मीच शहाण्यासारखं सांगितलं, "वाहून गेला आसंल, चाची. लई वढ हाय पाण्याला." मग ती म्हणाली, "व्हय. गेला आसंल." 

इंजिन पुन्हा होडीत बसवलं, नळी जोडली, हॅन्डल मारलं, आणि ते पहिल्या फटक्यात सुरू झालं. काठावर अर्धं गाव. कुणीतरी नारळ फोडला, कुणीतरी माझ्याच गळ्यात हार घातला. आवाज थोडा बसका वाटला, पण नवं इंजिन असंच असतं, घासलं की खुलतं, असं मी सगळ्यांना सांगितलं. आम्ही निघालो. काठचं संथ पाणी कापलं, मधल्या धारेला लागलो, अन्वरनं रेस वाढवली, आणि इंजिनानं दम टाकला. रेस वाढवावी तसा आवाज खाली. धुराड्यातून काळाकुट्ट धूर. होडी जागच्या जागी थरथरली आणि पाण्याबरोबर खाली सरकायला लागली. अन्वरनं घाबरून होडीचं तोंड फिरवलं, धारेबाहेर आलो, रेस कमी झाली, की पुन्हा टुकटुक सुरळीत. काठावर आलो तेव्हा माणसं पांगायला लागली होती. जागा सगळ्यांनी ओळखली होती.

त्यानंतर मी जे केलं त्याला दोष शोधणं म्हणायचं की दोषाभोवती फेऱ्या मारणं, ते तुम्हीच ठरवा. डिझेलमध्ये हवा अडकली म्हणून ती काढली. फिल्टर बदलला. नोझल तपासून आणला, मग नवाच टाकला. टॅपेटचं अंतर पुन्हा पुन्हा मोजलं. डिझेल कधी उडावं ते जुळवणाऱ्या दातेरी चाकांच्या खुणा पाहिल्या, बरोबर होत्या. पाण्यातल्या पंख्याला शेवाळ, गवत अडकलंय का बघायला अन्वर बुडी मारून आला. होडीचं बूड खरवडलं. कंपनीत पट्ट्यावर माझ्याशेजारी उभा राहणारा बिहारी सोबती म्हणाला, "हवा देखा क्या, भाई?" मी म्हणालो, देखा. आणि देखा होतंच. एअर क्लीनर मी इतक्या वेळा काढला आणि धुतला की त्याचा रंग गेला. तो स्वच्छ होता. त्याच्या खाली पुरुषभर लांब नळी आहे आणि त्या नळीच्या बुडाशी माझी स्वतःची हुशारी बसलेली आहे, हे डोक्यात आलं नाही. आपण नीट केलेलं काम माणूस पुन्हा उघडून बघत नाही, आणि माश्यांचा बंदोबस्त हे माझं सगळ्यात नीट केलेलं काम होतं.

प्रत्येक दुरुस्तीनंतर नाव निघायची आणि प्रत्येक वेळी त्याच जागी दम टाकायची. आज मला समजतं की तिथंच धार होती, तिथंच इंजिनाला जोर लावावा लागायचा, म्हणून तिथंच ते उघडं पडायचं. काठच्या संथ पाण्यात आजारी माणूसही चालतो. पण तेव्हा ते समजायला मोकळं डोकं हवं होतं, आणि माझं डोकं मोकळं राहिलं नव्हतं. तुकाआप्पा आता उघड म्हणायला लागले की बाबू बसलाय तिथं, अर्धा फेरा पुरा केल्याशिवाय तो कुणाला जाऊ देणार नाही. माणसांनी पुलाचा रस्ता धरला. आई सकाळी तवा टाकायची आणि टुकटुक धारेत जाऊन खाली बसली की भाकरी उलटायची विसरायची. त्या महिन्यांत आम्ही करपलेल्या भाकरी खाल्ल्या. मला कंपनीत पट्ट्यावर नट आवळताना तो बसका आवाज यायचा. दिवसाढवळ्या, शंभर यंत्रांच्या गोंगाटात. एकदा मी पट्टा थांबवायचं बटण दाबलं आणि सुपरवायझरला कारण सांगता आलं नाही.

दादा या सगळ्यावर चिडायचे. विहारात ते अंधश्रद्धेवर बोलायचे आणि छान बोलायचे. "भूत न्हाई न् बित न्हाई. यंत्राला कारण आसतंय. तू नीट बघ," असं मला रोज सांगायचे, आणि पलीकडं काम निघालं की गुपचूप एसटीनं, पुलावरून जायचे.

शिमग्याच्या सुमाराला चाचीची इद्दत संपली. मी पडवीत बसलो होतो. पडदा सरकला आणि ती कित्येक महिन्यांनी उंबरा ओलांडून बाहेर आली, उन्हाला डोळे बारीक करून उभी राहिली. वाळली होती. म्हणाली, जुम्मेरातीला, म्हणजे येत्या गुरुवारी, त्यांच्या कबरीवर जायचंय. बायका आत जात नाहीत, भिंतीबाहेर उभी राहीन. अन्वर म्हणाला, जीप सांगतो.

"जीप नगं. त्येंच्या नावंनं जायचं."

"अम्मी, नाव जात न्हाई पलीकडं. तुला ठावं हाय."

"ठावं हाय. म्हणून तर जायचं." ती इंजिनाच्या तेलानं काळ्या झालेल्या पोत्यावर बसली. "समदं गाव म्हंतंय, त्यांनी धरून ठिवलंय. मी बसले की सोडत्यात का बघू. सोडलं तर बरं. न्हाई सोडलं तर मंग मी पुन्ना इचारनार न्हाई त्यास्नी. कबरीवर बी जानार न्हाई. होडी वाळूवाल्याला दिऊन टाक."

ती हे सगळं भाजी निवडल्याच्या सुरात बोलली, म्हणून जास्त भीती वाटली. चाळीस वर्षांचा संसार ती एका इंजिनाच्या हवाली करत होती, आणि ते इंजिन मी जोडलेलं होतं. मी काहीतरी शहाणपणाचं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "चाची, मी सोता न्हेतो तुमास्नी." सवय जात नाही.

जुम्मेरातीला दुपार कलल्यावर आम्ही निघालो. चाचीनं पांढरी ओढणी घेतली होती, हातात फुलांची पुडी, अगरबत्ती आणि मलिद्याचा स्टीलचा डबा. त्या डब्यातून तुपाचा, गुळाचा वास येत होता आणि त्याच्याखाली डिझेलचा. अन्वर सुकाणूवर, मी इंजिनापाशी. आणि दादा. दादांना आईनं पाठवलं होतं. चुलीपाशी बसून तिनं एवढंच विचारलं होतं की विहारातलं भाषण कोरड्या जमिनीपुरतंच आहे का. ते होडीच्या कडेला दोन्ही हातांनी धरून बसले होते आणि कुणाकडं बघत नव्हते. काठावर तुकाआप्पा उभे राहिले. बसून असणारा माणूस उभा राहिला की काय वाटतं, ते तेव्हा समजलं.

संथ पाणी गेलं. धार लागली. अन्वरनं रेस दिली आणि तेच सुरू झालं, आवाज खाली, धूर वर, पाटाखालून ती थरथर. होडी हळूहळू आडवी व्हायला लागली. चाचीनं डबा मांडीवरून खाली ठेवला. पाण्याकडं बघत, घरात जेवायला वाढताना बोलावं तशी ती म्हणाली, "अहो, मी हाय. सोडा की."

इंजिन आणखी खाली बसलं. मी सगळ्या दुरुस्त्या संपवलेला माणूस होतो, हातात पाना होता आणि त्याचं काय करायचं ते माहीत नव्हतं. उत्तराला द्यायचा असतो तेवढा वेळ तिनं दिला. मग ओढणी डोक्यावर ओढून घेतली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मंग. अन्वर, फिरव."

मला त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी छपराचा खांब धरून उभा राहिलो, आणि हात आपोआप वर गेला. लहानपणी उचलून घेतलेलं असताना जायचा तिथं. आता उचलावं लागत नव्हतं. एअर क्लीनर फिरवून काढला आणि नळीच्या तोंडावर तळहात ठेवला. का ठेवला ते विचारू नका. निरोप घ्यायचा होता बहुतेक. खाली इंजिन धापा टाकत होतं, आणि वर माझा तळहात नुसताच नळीवर पडून होता. चिकटत नव्हता. सुटत नव्हता. हात धरतच नव्हतं ते.

"अन्वर, बंद कर," मी म्हणालो. "लंगर टाक."

इंजिन बंद झाल्यावर नदीचा आवाज आला. इतके महिने त्या जागी कुणी इंजिन बंद केलं नव्हतं. मी नळीच्या बुडाचे नट काढले, नळी बाजूला ओढली, आत बोट घातलं. बोटाला मऊ लागलं. तेव्हा, अगदी तेव्हा मला कुंभारमाश्या आठवल्या. अन्वरनं छत्रीची तार दिली, तिचा आकडा करून मी ओढलं, आणि ते बाहेर यायला लागलं. काळं, तेलकट, पिळवटलेलं, संपता संपेना. मंद चाललं की ते सैल पडत असणार आणि थोडी हवा जाऊ देत असणार. रेस दिली की इंजिनच ते जोरानं आत ओढायचं आणि स्वतःचाच गळा आवळायचं.

"फडकं हाय व्हय त्ये?" दादांनी विचारलं. कित्येक महिन्यांत माणसाच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी पाहिला नव्हता. "बघा, म्हटलं न्हवतं, कारण आसतंय."

मी हसायला तोंड उघडलं होतं. चाचीनं हात पुढं केला. मी ते चिंधाट तिच्या हातात दिलं आणि ती गाठ सोडायला लागली. माझी गाठ, घट्ट मारलेली. नखांनी, मग दातांनी. गाठ सुटली तेव्हा आतला पदर तेल न लागलेला निघाला. पांढरा-तांबडा चौकडा आणि कडेनं निळे टाके.

दादांनी मान खाली घातली. अन्वर सुकाणू सोडून उभा होता. चाचीनं तो पदर नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. त्या दुपारी त्यांना घाम आला असणार, रुमालानं तोंड पुसलं असणार, तो इंजिनाशेजारी पडला असणार. तो घाम त्यात होता. मी तो गाळात तुडवला, गाठ मारली, आणि त्यांच्याच इंजिनाच्या घशात घातला. आणि वर त्यांच्या बायकोला सांगितलं की पाण्याला ओढ फार आहे.

गाव म्हणत होतं ते कुठल्या अर्थानं खोटं होतं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मधल्या धारेत त्यांचंच काहीतरी नाव धरून ठेवत होतं, एवढं खरं. दादा पुढं विहारात ही हकीकत अंधश्रद्धेविरुद्ध उदाहरण म्हणून सांगायचे, फडक्यापर्यंत सांगायचे आणि थांबायचे. ते कुणाचं होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आता तिथंच पूल झालाय. मी स्कूटरवरून जातो तेव्हा बरोबर मधोमध माझा हात आपोआप रेस कमी करतो, मागचे हॉर्न वाजवतात, आणि मी बायकोला सांगतो की रस्त्यात खड्डा होता. खड्डा नाही. तिला माहीत आहे.

त्या दिवशी नळी जोडून पुन्हा हॅन्डल मारलं तेव्हा इंजिन असं गर्जलं की चाचीनं डबा सावरला. होडी धार कापून सरळ पलीकडं गेली. काठावरून तुकाआप्पा काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, ते पुन्हा बसले एवढं दिसलं. आमच्या घरी आईनं तवा टाकला होता म्हणे.

कब्रस्तानच्या भिंतीबाहेर चाची बराच वेळ उभी होती. अन्वर आत फुलं ठेवून, फातिहा वाचून आला. मी आणि दादा लांब, दर्ग्याच्या लिंबाखाली, चपला हातात घेऊन उगाचच उभे. ती भिंतीवरून काहीतरी बोलत होती. मधेच तिनं रुमाल वर धरून दाखवल्यासारखं केलं. मग आली. डबा उघडून दादांना मलिदा दिला, अन्वरला दिला, आणि माझ्या हातावर सगळ्यात मोठा लाडू ठेवला. माझे डोळे भरून आले. मी वाकून तिच्या पायाला हात लावायला गेलो, तर ती बाजूला झाली आणि माझ्या खांद्यावरून लेकाला म्हणाली,

"अन्वर, ध्यानात ठिव. माझी कबर खोदायला ह्या सुध्याला बोलवू नगं. हा फावडं आतच इसरून यील."